संध्याकाळचे दहा ग्रॅम

मला फसवणारा काटा अजून कुठल्याही कारखान्यात तयार झालेला नाही! हे मी म्हणत नाही, बाजारातले दुकानदार म्हणतात. वजनमापे खात्यात चौदा वर्षं निरीक्षक आहे मी. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोकळ केलेली वजनं, तोलताना हळूच टेकवलेला अंगठा, सगळं बघून झालंय. अंगठा तर मी दुकानाच्या पायरीवरूनच ओळखतो. म्हणून आमची चिंगी तीन आठवड्यांची झाली आणि घरात वजनकाटा आला, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "तू आता निर्धास्त राहा. हे खातं माझं!"

काटा आला तो एका संशोधनापायी. बायको ज्या दवाखान्यात बाळंत झाली, तिथे अंगावर पाजणाऱ्या आयांच्या तब्येतीचा अभ्यास चालला होता. बायकोने हौसेने नाव दिलं. पद्धत अशी: पाजायच्या आधी बाळाला काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा. पाजून झालं की त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता, पुन्हा ठेवायचं, पुन्हा आकडा लिहायचा. फरक जितका, तितकं दूध बाळाच्या पोटात गेलं. रोज दोन वेळा हे करायचं, दुपारी एकदा आणि संध्याकाळी साडेसहाला एकदा. दर शनिवारी संशोधक बाई येऊन वही तपासणार.

मला पहिल्याच शनिवारी त्या बाईंचा संशय आला. एक तर काटा फुकट. वर सतत हसतमुख. आणि बाळाबद्दल दोन प्रश्न विचारून झाले की सगळे प्रश्न बायकोबद्दल! झोप किती झाली? चक्कर येते का? जेवण वेळेवर होतं का? उगीच रडू येतं का?

"एवढी चौकशी कशाला करतात या?" बाई गेल्यावर मी म्हणालो. "बाळाच्या दूधपावडरच्या कंपनीच्या असणार. आधी गोड बोलायचं, मग डबा काढायचा!"

"अहो, त्या आईची तब्येत बघतायत," बायको म्हणाली. "घरात कुणीतरी बघतंय ना, बरं वाटतं."

हे वाक्य मला तेव्हाच टोचायला हवं होतं. पण मी त्या वेळी काट्याच्या पायाचे रबर तपासत होतो.

दुपारी मी कचेरीत असायचो, तेव्हा वजनाचं काम बाळंतपणासाठी आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई करायच्या. संध्याकाळी मी. बायको चिंगीला काट्यावर ठेवायची, मी वाकून, डोळ्यांत तेल घालून आधीचा आकडा वाचायचो. मग वही-पेन घेऊन पलीकडच्या खुर्चीत बसायचो. पाजून झालं की बायको पुन्हा चिंगीला ठेवायची आणि नंतरचा आकडा मला ओरडून सांगायची. चोख व्यवस्था!

आठवडाभराने मी वही उघडली आणि माझ्यातला निरीक्षक ताडकन उठून बसला.

दुपारी चिंगी पंचाहत्तर ग्रॅम पीत होती. कधी ऐंशी, कधी सत्तर. संध्याकाळी दहा! कधी बारा, कधी पाच. रविवारी आमचं भरपेट जेवण झालेलं असताना तर उणे सहा! म्हणजे चिंगीनेच उलट आईला पाजलं की काय?

"संध्याकाळी तिला भूक नसेल," बायको म्हणाली. पण तिचा आवाज जरा पडला होता.

"दुपारी पंचाहत्तर आणि संध्याकाळी दहा? आणि बाळ तर आठवड्याला दोनशे ग्रॅमने वाढतंय! कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हणालो. आणि माझी नजर सासूबाईंकडे वळली.

विचार करा. दुपारी मी घरात नाही. आकडे भरघोस. मी घरात आलो की आकडे गडगडतात. चौदा वर्षांचा अनुभव काय सांगतो? निरीक्षक नसताना माप भरतं, तेव्हा माप भरणाऱ्याकडे बघावं! सासूबाई दुपारी गुपचूप बाटली पाजतात, असा माझा निष्कर्ष निघाला.

मी स्वयंपाकघराची झडती घेतली. तिसऱ्या फळीवर, डाळीच्या डब्याच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला पावडरचा डबा सापडला! आत चमचासुद्धा! डबा हातात धरून मी बाहेर आलो.

"हे काय आहे?"

सासूबाईंनी चष्मा वर केला. "वाचता येतं ना जावईबापू? वाचा की."

मी वाचलं. 'बाळंतिणींसाठी सकस पावडर.' दवाखान्यातून लिहून दिली होती. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, आईने प्यायची.

"मग लपवून का ठेवली?"

"मागच्या महिन्यात बाळाला बघायला येणाऱ्यांनी बिस्किटं आणली. चार डबे. एक तरी बिस्कीट तिच्या तोंडात गेलं? उघड्यावर ठेवलं की या घरात काही उरत नाही!"

मी कानांवर हात ठेवले. पण संशय एकदा डोक्यात शिरला की तो भाडेकरूसारखा बसतो. आत खरोखर तीच पावडर आहे, की डबा एकाचा आणि माल दुसऱ्याचा? मी रीतसर नमुना घेतला. जिभेवर. वेलदोड्याचा वास होता. एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही, हा खात्याचा नियम आहे. तेव्हा रोज एक नमुना घ्यायचं मी मनाशी ठरवलं.

पुढच्या शनिवारी संशोधक बाईंनी वही बघितली आणि त्यांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. त्यांनी मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. बोलणं झाल्यावर बायकोजवळ बसून म्हणाल्या, "बाळ छान आहे, काळजीचं काही नाही. पण संध्याकाळचे आकडे फारच कमी आहेत. पुढच्या शनिवारपर्यंत असंच राहिलं, तर डॉक्टर म्हणतायत, सोमवारपासून वरचं दूध सुरू करावं."

सुरुवातीचे दोन आठवडे बायकोला ताप होता, पाजताना डोळ्यांतून पाणी यायचं, तरी तिने हट्ट सोडला नव्हता. आता ती चिंगीकडे बघत बसली आणि बाई गेल्यावर म्हणाली, "माझंच काहीतरी कमी पडतंय." मला गलबलून आलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हवा होता. त्याऐवजी मी म्हणालो, "तू घाबरू नकोस. मी छडा लावतो!"

त्या आठवड्यात तिचं जेवण कमी झालं आणि झोप तर उडालीच. दुपारी चिंगी झोपली की ही जागीच, संध्याकाळच्या साडेसहाची वाट बघत. जणू परीक्षेचा निकाल लागणार आणि निकाल वाचून दाखवणारा मास्तर मी!

संशोधक बाईंनी मधेच फोन करून सासूबाईंना विचारलं, "वडील घरात असताना बाळ नीट पीत नाही, असं काही वाटतं का?"

"अहो, मी कधीपासून तेच म्हणतेय!" सासूबाई इतक्या जोरात म्हणाल्या की फोनची गरज नव्हती.

झालं! पाजण्याच्या वेळी माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. पण मीही अट घातली, आधीचं वजन मीच वाचणार. पुराव्यात ढवळाढवळ चालायची नाही! मी वाकून आकडा वाचायचो आणि शिस्तीत आत जायचो. स्वयंपाकघरात तिसरी फळी होतीच. तेवढ्यात नमुनाही व्हायचा.

आकडे हलले नाहीत. नऊ. सात. एकदा तर दोन.

आता एकच आरोपी उरला होता, काटा! शनिवारी मी कचेरीतून मखमलीच्या पेटीतलं एक किलोचं प्रमाण वजन आणलं. सरकारी, पितळी, आरशासारखं चकचकीत. संशोधक बाई आल्या, बायको चिंगीला मांडीवर घेऊन टेबलाशेजारच्या बुटक्या खुर्चीत बसली, सासूबाई दारात उभ्या राहिल्या. मी हातमोजे घातले, वजन काट्यावर ठेवलं आणि वाकून आकडा वाचला.

"एक किलो पासष्ट ग्रॅम!" मी गरजलो. "पासष्ट ग्रॅमची चोरी! मॅडम, हा काटा मी जप्त करतोय!" आणि खिशातून तार, शिशाचं सील आणि पक्कड काढली.

संशोधक बाई गोंधळल्या. "पण सर, आम्ही दर महिन्याला तपासतो हो..."

"सगळे दुकानदार हेच म्हणतात!"

"अहो," बायको म्हणाली.

"थांब गं, पंचनामा होऊ दे."

"अहो, जरा मागे सरका."

मी सरकलो. बाईंनी आकडा वाचला. "एक किलो. बरोबर."

"आता पुढे या. वाकून बघा, रोज बघता तसं."

मी वाकलो. "एक किलो सदुसष्ट."

"आता तसेच राहा आणि पोट आत घ्या."

मी श्वास रोखून ते आत घेतलं. "एक किलो वीस," बाई कुजबुजल्या.

बुटक्या खुर्चीतून बायकोला जे समोर दिसत होतं, ते चौदा वर्षांच्या अनुभवी निरीक्षकाला वरून दिसण्याची सोयच नव्हती. रोज आधीचा आकडा वाचताना मी वाकत होतो आणि माझं पोट आरामात पारड्याच्या कडेवर टेकत होतं! आधीच्या वजनात चिंगी अधिक पोट. नंतरच्या वजनात नुसती चिंगी. मधलं दूध माझ्या पोटाने गिळलं होतं!

बायकोने अगदी हळू विचारलं, "म्हणजे मला दूध येतं?"

"येतं म्हणजे काय!" संशोधक बाई म्हणाल्या. "दुपारसारखंच संध्याकाळी! पंचाहत्तर, ऐंशी! वरच्या दुधाची काही गरज नाही, मी आत्ता डॉक्टरांना कळवते."

बायको हसायला लागली. हसता हसता रडली आणि रडता रडता पुन्हा हसली, आणि तिच्या हसण्याने चिंगी गदागदा हलायला लागली. इतके दिवस तिने किती भीती पोटात धरली होती, ते मला तेव्हा समजलं. लाजेने माझे कान तापले. मी हातमोजे काढले, सील खिशात टाकलं आणि म्हणालो, "चुकलो. आजपासून संध्याकाळी पाजून झालं की चिंगी माझ्याकडे. तू दोन तास सलग झोपायचं."

"लिहून घेते," संशोधक बाई म्हणाल्या. "आणि सर, चुकीच्या नोंदींसमोर कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"तांत्रिक अडचण," मी म्हणालो.

"पोट लिहा," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी पोट लिहिलं. मग आईच्या तब्येतीचा तक्ता काढला आणि त्यांच्या कपाळावर पुन्हा आठी पडली.

"एक गोष्ट मात्र समजत नाही. यांच्या एकटीसाठी दिलेला पावडरचा डबा महिनाभर पुरायला हवा. दोन आठवड्यांतच तळाला गेलाय, तरी यांचं वजन अर्ध्या किलोने उतरलंय. मग ती पावडर जाते कुठे?"

सासूबाईंनी चष्मा वर केला. बायकोने मान वळवली. शपथेवर सांगतो, चिंगीनेसुद्धा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

मी हळूच पोट आत घेतलं.