द्वारकाबाईंनी ऊन जिंकिले त्याची हकीकत

श्री गजानन, जो मुख्य दरवाजावरील फरशीत बसोन येणाराजाणारावर नजर ठेवितो, त्यास वंदन करोन हकीकत लिहिली ती ऐशी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास. पृथ्वीवर राज्ये बहुत जाहली, कित्येक समुद्रापावेतो पसरली, कित्येक हत्तीघोड्यांनिशी नांदली, परंतु या राज्याची सर कोणास आली नाही. राज्याचा विस्तार बेचाळीस बिऱ्हाडे, दोन जिने आणि एक लिफ्ट, ती मंगळवारी बंद.

राज्याचे अधिपती चेअरमन श्रीमंत मधुसूदनपंत टिल्लू. त्यांचे हाताखाली दहा सरदार, मिळोन अकरा असामींची कमिटी. राज्याची ख्याती ही की सोसायटी उभी राहिल्यापासोन निवडणूक म्हणोन कधी जाहली नाही. मुदत सरली की सभा भरावी आणि टिल्लूंनी "तेच ठेवू ना?" ऐसे पुसावे आणि प्रजेने बटाटेवड्यांच्या परातीकडे पाहोन "ठेवा" म्हणावे, मग अकराही असामींनी "आम्हाला नकोच होतं हो, तुमचा आग्रह" ऐसे बोलोन मोठ्या कष्टाने पद स्वीकारावे. यास बिनविरोध म्हणत आणि त्याचा डौल शेजारच्या राज्यांतही मिरवीत. मग ऐसे जाहले की पूर्वेस पंधरा मजली नवा किल्ला उठला आणि सूर्यनारायण त्याचे आड कैद जाहला आणि खिडक्यांतून ऊन येईनासे जाहले. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एक कोपरा तेवढा सकाळचे उन्हात राहिला, आणि गच्चीस कुलूप. कुलपाचे कारण, मागे गळतीचे काम करणारा ठेकेदार जाताना सांगोन गेला की पंधरा दिवस वर पाय ठेवू नका, आणि ते पंधरा दिवस टिल्लूंचे अमलात अकरा वर्षे चालू होते.

तिसऱ्या मजल्यावर द्वारकाबाई निफाडकर राहात. त्यांचे यजमान दत्तोपंत न्हाणीघरात घसरोन खुब्याचे हाड मोडोन बसले होते आणि डॉक्टरांनी सकाळचे कोवळे ऊन रोज घ्या म्हणोन सांगितले होते. दत्तोपंतांनी संसारात कधी भाजीत मीठ कमी म्हटले नाही, ते एके दिवशी भिंतीकडे पाहोन बोलिले, "ऊन मिळालं असतं जरा, तर बरं झालं असतं." तेव्हा बाई उठल्या आणि टिल्लूंचे दारी गेल्या आणि किल्ली मागितली.

टिल्लू बोलिले, "वहिनी, वर वॉटरप्रूफिंग आहे."

"भाऊजी, यांचं वजन पन्नास किलो आहे."

"प्रश्न वजनाचा नाही, पायंड्याचा आहे. आज दत्तोपंत बसतील, उद्या कोणीतरी गादी वाळत घालेल."

"मग किल्ली मिळते कोणाला?"

"कमिटीला."

बाई घरी परतल्या आणि चपला काढता काढता बोलिल्या, "अहो, मी कमिटीला उभी राहतेय." दत्तोपंतांनी पुसिले, "कुठल्या पॅनेलमधून?" बाई बोलिल्या, "माझ्याच. अपक्ष." आणि दुसरे दिवशी अर्ज भरोन आल्या, आणि राज्यात हाहाकार जाहला, कारण जागा अकरा आणि उमेदवार बारा, म्हणजे मतदान घेणे आले.

मग सेक्रेटरी अरविंदराव गाजरे शिष्टाई करावयास आले. बाईंनी चहा ठेविला. गाजरे बोलिले, "काकू, एवढ्या वर्षांची परंपरा तुमच्यामुळे मोडायची. माघार घ्या. शोभून दिसेल."

"बारातला एक कमी झाला की बिनविरोध, बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मग कोणीही एकानं घेतली तरी चालेल की."

गाजरे विचारात पडले आणि चहावर साय धरली. मग बोलिले, "तसं तांत्रिकदृष्ट्या…"

"तुम्हीच घ्या ना. दरवेळी म्हणता, मला नकोच होतं."

गाजरे यांस अकस्मात घरची आठवण जाहली. परंतु बाईंस मार्ग सापडला. त्यांनी माघारीचा कोरा अर्ज घेतला आणि पेनाचे टोपण काढोनच मोहिमेस निघाल्या आणि अकराही दारे घेतली. खजिनदार पोतनीस बोलिले, "हिशोबाची डोकेदुखीच आहे हो मला, पण आत्ता सोडलं तर लोक म्हणतील काहीतरी खाल्लं असणार." तळमजल्याचे सरदार कर्णिक बोलिले, "मी आनंदानं सोडलं असतं, पण घरात बसलो तर हिला त्रास." आतून कर्णिकवहिनी बोलिल्या, "तो सोसते मी. सही करा." कर्णिकांस तेव्हा ऐकू आले नाही. शेवटी टिल्लू. ते डोळे मिटोन बोलिले, "मनातून तर मी हे पद केव्हाच सोडलंय."

"मग कागदावर सोडा."

"वहिनी, मनातलं मनात असू द्या."

येणेप्रमाणे राज्यात पदाची हाव कोणासही नव्हती आणि पद सोडावयासही कोणी नव्हते. तेव्हा रणवाद्ये वाजली, म्हणजे गुरख्याने शिट्टी फुंकिली, आणि रविवारी मतदान ठरले.

बाईंची फौज म्हणजे त्या एकट्या. रोज संध्याकाळी दोन दोन मजले चढोन जात आणि एवढेच सांगत, "यांना उन्हात बसवायचंय. दुसरं काही नाही." रात्री पाय शेकत आणि दत्तोपंत विचारीत, "पडलीस तर?" बाई म्हणत, "तुम्ही पडलात, मी काय म्हटलं का?"

आता घडले ते ऐका. प्रत्येक घरास मत एक आणि शिक्के अकरा. प्रजेस बाईंची दया आली, परंतु अकरांतील कोणासही दुखवावयाचे नव्हते, कारण जिन्यात रोज गाठ पडते. बाईंस शिक्का द्यावा तर एकाचा गाळावा लागे. मग प्रत्येकाने पडद्याआड ऐसा विचार केला की टिल्लू काय, टिल्लू येतातच. आणि टिल्लूंचा गाळिला. घर टिल्लूवहिनींचे नावे म्हणोन त्या घरचे मतही वहिनींचे, आणि त्याही येतातच म्हणोन तेच करोन आल्या. मोजणी जाहली आणि द्वारकाबाई निफाडकर निवडोन आल्या आणि मधुसूदनपंत टिल्लू बारावे आले. सभागृहात ऐसी शांतता पसरली की वड्यांचे तेल निथळताना ऐकू यावे.

सोमवारी टिल्लू स्वतः किल्ली घेवोन दारात उभे राहिले. चेहरा उतरला होता. बोलिले, "गंज आहे. खोबरेल घाला." बाई बोलिल्या, "भाऊजी, चहा घेऊन जा." टिल्लू बसले, आणि चहा निमूट प्याले, आणि उठताना बोलिले, "दत्तोपंतांना वर न्यायला खुर्ची मी धरू का? गाजरेंना पाठीचं आहे."

मग दत्तोपंतांची स्वारी लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसोन निघाली. लिफ्टच्या पुढे अर्धा जिना टिल्लू एका अंगास आणि पोतनीस दुसऱ्या अंगास, आणि पुढे द्वारकाबाई किल्ली घेवोन, मान ऐशी ताठ की पदर जागचा हलला नाही. कुलूप कुरकुरोन उघडले. टाकीजवळ ऊन पडले होते. दत्तोपंत त्यात बसले आणि त्यांनी डोळे मिटोन तोंड उन्हाकडे केले. मग बोलिले, "अगं, निवडून आलीस की तू." बाई दुसरीकडे पाहोन बोलिल्या, "मग. सांगितलं होतं ना." राज्यात मोठमोठे सत्कार जाहले असतील, परंतु यापरता हार बाईंस ठावका नाही.

तात्पर्य, एका बाईने कोणाचे पॅनेल न घेता राज्याचा सूर्य सोडविला. हल्ली गच्ची रोज सकाळी खुली असते, टिल्लू वॉटरप्रूफिंग पाहावयाचे निमित्ताने पेपर घेवोन येतात, गाद्याही वाळतात, आणि गच्ची गळत नाही. लेखनसीमा.

ता. क. दत्तोपंतांची लाल खुर्ची, जिचा डावा हात तडकलेला आहे, ती टाकीजवळच्या कोपऱ्यातून मंगळवारपासोन दिसत नाही. ज्याने नेली असेल त्याने उद्या ऊन येण्याआधी आणोन ठेवावी. नाव विचारले जाणार नाही.