निर्दोष नमुना

आमच्या गल्लीतलं पाणी शुद्ध आहे, असं प्रयोगशाळेने लेखी कळवलेलं आहे. त्यामुळे शिंप्याची मुलगी आजारी पडली ती पाण्यामुळे नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो.

तिला उलट्या-जुलाब सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यावर संशय घेतला. नळाला पिवळट पाणी येत होतंच, वासही होता. पण वासाची सवय होते. शिंप्याने पाणीपुरवठा खात्यात खेटे घालून तपासणी मंजूर करून घेतली. नमुने नेणारा माणूस आला, दारोदार निर्जंतुक बाटल्या ठेवत म्हणाला, "नळाखाली धरून भरा, परत जाताना नेतो."

आता परक्या माणसाच्या हातात असलं पाणी द्यायचं? प्रयोगशाळेत घराची अब्रू गेली म्हणजे? आमच्या वहिनींनी पाणी खळखळा उकळलं, वर दुहेरी फडक्यातून गाळलं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी फिल्टरचं दिलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर विक्रीची सीलबंद बाटली फोडली. खुद्द शिंपीणबाईंनी दोनदा उकळलं. "आधीच लोक म्हणतात, आमच्याच घरात घाण," त्या म्हणाल्या.

अहवाल आला. जिवाणू शून्य, नायट्रेट मर्यादेत, शिसं नाही. खात्याच्या साहेबांनी शेरा मारला, की इतक्या शुद्ध पाण्यात क्लोरीन घालणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. क्लोरीन बंद झालं. मग गल्लीतली आणखी पोरं अंथरुणाला खिळली आणि शिंप्याच्या मुलीला सलाइन लावावं लागलं. खात्याने तत्परतेने खुलासा केला: पाणी निर्दोष असल्याने दोष संबंधितांच्या पोटात आहे.

शिंपी इरेला पेटला. मास्तरांना साक्षीला उभं करून त्याने थेट नळाखाली बाटली भरली आणि खात्यात नेऊन आदळली. साहेब जातीने गल्लीत आले. बाटली उजेडात धरून म्हणाले, "हा नमुना बाकीच्यांशी जुळत नाही. तुम्ही यात काहीतरी मिसळलंय."

"मास्तर, तुम्ही समोर होतात की! सांगा ना त्यांना. पोरगी जाईल हो माझी!"

एव्हाना सगळी गल्ली जमली होती. मागून कुणीतरी पुटपुटलं, "उद्या 'दूषित वस्ती' म्हणून पाटी लागली, तर आपली घरं कोण घेणार?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझं नेमकं लक्ष नव्हतं," ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नमुना फेटाळला गेला आणि शिंप्यावर भेसळीची नोटीस निघाली.

मुलगी अजून दवाखान्यात आहे. डोळे पार खोल गेलेत, बघवत नाही. आम्ही आळीपाळीने तिला भेटायला जातो, तेवढी माणुसकी आहे आमच्यात. जाताना तिच्यासाठी पाणी मात्र विकतचं नेतो.

तुमच्या गल्लीचा अहवालही निर्दोषच आला असेल. अभिनंदन! तुमच्या घरची बाटली कशी भरली, ते मी विचारणार नाही. तुम्हीही मला विचारू नका.