बबनआप्पांची जुनी सीडी

दिव्यांच्या दुकानात जाताना बबनआप्पा पिशवीत एक जुनी सीडी नेतात. दुकानदाराने दिवा लावला की त्याच्या उजेडात ती तिरकी धरून तिच्यावर उमटणारे रंग तपासतात. दुकानदार सांगतो, "शंभर वॅटचा आहे, डोळे दिपतील."

"डोळं दिपून झाडाचं पोट भरतंय व्हय? ह्यात तांबडा कुठंय?"

आप्पा आमचे शेजारी, मूळचे चिखलीचे. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला तीस वर्षं गाड्यांच्या दारांचे रंग जुळवण्यात गेली. त्यांच्यासमोर कशालाही नुसतं पांढरं म्हणायची सोय नाही. लगेच विचारतात, "कंचं पांढरं?"

आईने गावाहून तेलाच्या डब्यात आणलेला कढीपत्ता आमच्या बाल्कनीत होता. आई गेली. मग समोर टॉवर उभा राहिला आणि ऊनही गेलं. पानं पिवळी पडून गळू लागली. आईची तेवढीच खूण उरली होती, म्हणून मी मांडवात लावतात तसला फोकस आणला. सोसायटी उजळली, कढीपत्ता आणखी मलूल झाला.

आप्पा सीडी घेऊन थेट बाल्कनीत शिरले आणि त्यांनी मला झापलं. "राव, उजेड म्हंजे ऊन न्हवं! ताट चकचकीत हाय, पर वाढलंय काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरातला तांबडा-निळा दिवा आणून टांगला. बाल्कनी अशी जांभळी झाली की सेक्रेटरी विचारायला आले, "बार काढलाय का?" आप्पांनी त्यांनाही सीडी दाखवली.

तीन आठवड्यांनी कोंब फुटला. मला रडूच आलं. पुढे पहिली डहाळी तोडली ती आप्पांना द्यायला गेलो. त्यांच्या बाल्कनीत ओळीने कुंड्या होत्या, सगळ्या रिकाम्या.

"हिच्या हायेत," आप्पा काकूंच्या फोटोकडे बघत म्हणाले. "ती आजारी पडली तवा झाडं आत तिच्या खाटंपाशी घेतली, आन् मी बी असाच फोकस लावला हुता. कंपनीत जलमभर रंग बघितला, आन् घरात निस्ता उजेड. रंग ध्यानात येऊन त्यो दिवा आणस्तवर झाडं गेली. मग ती बी."

मी घरी आलो. कढीपत्त्याच्या मुळाशी एक पिल्लू फुटलं होतं. ते अलगद काढून आणलं आणि काकूंच्या पहिल्या कुंडीत लावलं. दिवाही परत आणतो म्हणालो, तर आप्पांनी हात धरला.

"त्यो आईपाशी ऱ्हाऊ द्या. हिच्यासाठी दुसरा आणू. चला संगं."

दुकानात त्यांनी सीडी माझ्या हातात दिली. त्यांचे डोळे भरले होते, त्यांना दिसत नव्हतं.

"बघा, तांबडा हाय का?"

"आहे, आप्पा."