नथूनानांची पाहुणी

आमच्या समोरचे नथूनाना थंडीशी बोलत असत. थंडीबद्दल नव्हे, थंडीशी. सकाळी घोंगडीतून नाकाचा शेंडा तेवढा बाहेर काढून ते अंगणात उभे राहत आणि रस्त्यावर कोणी नाही असं बघून हळूच विचारत, "काय वं माय, आज तरी उठस का नही?"

थंडी ही त्यांच्या लेखी न बोलावता आलेली पाहुणी होती. "खाईपीसन बठेल शे, उठत नही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "इंग्रज गया, पन ही बाई काही जात नही!"

भडगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून म्हणून येऊन मला दीडेक वर्ष झालं होतं. मी पुण्याचा. खानदेशचा एक उन्हाळा अंगावर काढल्यापासून माझं मत नानांच्या अगदी उलट होतं. थंडी जितकी राहील तितकी मला हवी होती. "या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला पळणार बुवा," असं मी माघ लागल्यापासून ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. नाना ते ऐकून नुसते "हूं" म्हणत.

ऊन सरके तशी नानांची बाज सरके. दुपार कलली की त्यांच्या अंगणात कडुनिंबाची सावली येई. मग नाना बाज डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत आणि ती आमच्या ओट्याला लावत. माझी बायको कमल त्यांना चहा देई. पण तो ते लगेच पीत नसत. आधी कपावर हात शेकत, मग कान शेकत, आणि शेवटी घोट घेऊन तक्रार करत, "कमल, हाऊ चहा बी गारठना!"

नको असलेला पाहुणा उठावा म्हणून दाराआड केरसुणी उलटी उभी करतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ही मात्रा थंडीवर चालते, हा शोध मात्र नानांचा स्वतःचा. संक्रांतीपासून त्यांच्या दाराआड केरसुणी उलटी होती. त्यात एक दिवस साक्रीहून त्यांच्या बहिणीचे यजमान आले. पाय धुऊन आत शिरतात तो समोर ती केरसुणी! दाजींनी काढलेला फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला आणि तसेच परत फिरले. नाना मागून ओरडत धावले, "दाजी, ती तुम्हनाकरता नही, थंडीकरता शे!" हे ऐकल्यावर तर दाजी जास्तच भराभर चालू लागले. पाहुणे गेले, थंडी राहिली.

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते म्हणतात. नानांनी त्या दिवशी मोठ्या मनाने केरसुणी सरळ केली. दुसऱ्याच दिवशी असा गारठा परतला की गिरणा नदीवर पाणी भरायला जाणाऱ्या बायकांची बोटं आखडली. केरसुणी पुन्हा उलटी झाली. आणि अशा हुडहुडीत नाना घोंगडीतून हात बाहेर काढून अंबाडीचा दोर वळत बसले. झोक्याचा दोर! अख्खी गल्ली हसली, आम्हीही हसलो.

कारण झोके बांधायचे ते आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ऐन उन्हाळ्यात. खानदेशात हा सासुरवाशिणींचा सण. बाप किंवा भाऊ मुऱ्हाळी होऊन लेकीच्या सासरी जातो, रीतसर विचारून तिला घेऊन येतो. गल्लीतल्या सुना माहेरी जातात, लेकी येतात आणि नानांच्या कडुनिंबावर झोके चढतात. नानांना मूलबाळ नाही. नानी जाऊनही बरीच वर्षं झालेली. झाड मात्र त्यांचं दरवर्षी लेकींनी भरे.

मागच्या आखाजीला कमल ओट्यावर उभी राहून ते झोके बघत होती. झोके लेकींचे, सुनांनी नुसते बघायचे. नानांनी विचारलं, "तुले लेवाले कोन्ही उनं नही का?"

"कोण येणार, नाना? आईबापांमागे मामांनी वाढवलं, आता तेही नाहीत," कमल हसत म्हणाली. नाना वळले आणि एका रिकाम्या झोक्याचा दोर उगाच ओढून बघू लागले. मी ते पाहिलं आणि विसरूनही गेलो.

तर, गारठा परतला त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी दार वाजलं. बघतो तो नाना! धुवट धोतर, कडक सदरा, डोक्याला लाल फेटा, आणि अंगावर घोंगडी नाही.

"नाना, घोंगडी कुठंय?"

"मुऱ्हाळी घोंगडी पांघरीसन येस का?" ते उंबऱ्याबाहेरच हात जोडून उभे राहिले. कालपर्यंत मला 'अरे' म्हणणारा माणूस आज 'तुम्ही'वर आला होता. "तुम्ही पुनाले जानार शेतस, माले माहीत शे. म्हनीसन लवकर उनू. आखाजीले मन्ही आंडेर धाडशात का?"

मन्ही आंडेर. माझी लेक.

सासर आणि माहेर यांच्यामध्ये एक अरुंद रस्ता होता. मला हसू येणार होतं. पण नानांची हनुवटी थरथरत होती, आणि ती थंडीनेच थरथरतेय असं काही मला वाटेना. सासरची माणसं नाही म्हणू शकतात, हे त्यांना ठाऊक होतं. पुण्याची हवा मी मनातल्या मनात गुंडाळून ठेवली आणि व्याह्याच्या तोऱ्यात म्हणालो, "धाडू की. पण दमणी जुंपून आणा. आमच्या घरची सून पायी जात नाही."

"आनसू ना! बैलस्ले झूल बी घालसू!" नाना ओरडले.

आतून कमल आली. डोळे पुसलेले होते, पण नीट पुसलेले नव्हते. तिने माझी शाल नानांच्या खांद्यावर टाकली. "बाबा, थंडी आहे."

"कथानी थंडी?" नानांचे दात वाजत होते. "उठनी पाहुनी!" आणि ते लगबगीने वळले.

"अहो, एवढ्या घाईने कुठे?" मी विचारलं.

"केरसुनी सरळ करस."

"नाना, आखाजीला अजून दोन महिने आहेत!"

"मंग? तवलोंग उलटीच ठेवू का? आंडेर कधी बी येस."

त्या दुपारी नानांची बाज आमच्या ओट्याला लागली नाही. कमलच चहा घेऊन रस्ता ओलांडून गेली.