बबननानांचा तिसरा हात

आमच्या डिंभ्याच्या बबननानांना तीन हात होते. दोन देवानं दिलेले, तिसरा त्यांनी स्वतः बनवून रस्त्याकडेच्या खांबावर बसवलेला. पहिले दोन रेडिओ दुरुस्त करायचे. तिसरा एसटी थांबवायचा.

हात अगदी हुबेहूब. म्हणजे लांबून. जवळून पाहिलं तर बांबूच्या कामट्या, त्यावर थर्मोकोल, त्यावर नानांच्या लग्नातल्या सदऱ्याची बाही आणि टोकाला रबरी हातमोजा. आत काडेपेटीएवढ्या दोन मोटारी. नानांच्या भाच्याच्या कॉलेजातला रोबोट स्पर्धेत पहिल्याच वळणावर कोसळला आणि त्याच्या अस्थी नानांच्या वाट्याला आल्या. भाचा त्या मोटारींना 'सर्व्हो' म्हणायचा. पंख्यासारखी गरागरा फिरणारी ही जात नव्हे. सांगाल तेवढीच वळते आणि तिथंच थांबते. "आमच्या घरात माजं ऐकनारी येवढीच," नाना म्हणायचे.

खांद्यातली मोटार हात वर करायची, मनगटातली पंजा हलवायची. बटण नानांच्या ओट्यावर.

हा खटाटोप नानीसाठी. नानी, म्हणजे नानांची बायको, धरणातली मासळी घोडेगावच्या बाजारात विकायची. डोक्यावर पाटी, दोन्ही हात पाटीला. आमच्या वस्तीला थांबा नाही. हात केला तरच गाडी थांबते. नानीला करायला हातच उरत नसे, आणि मासळीचा वास घ्यायला कुठला ड्रायव्हर आपणहून थांबतो? सकाळची गाडी चुकली की पुढची कधी येईल ते एसटीलाही ठाऊक नसे. मासळी काही वाट पाहत बसत नाही.

"नाना, तुम्हीच जाऊन हात करा की," मी एकदा म्हटलं.

"मला कामं अस्त्यात."

तेव्हा घरोघरी टीव्ही आले होते आणि नानांकडे दुरुस्तीला आलेल्या शेवटच्या रेडिओत चिमण्यांची तिसरी पिढी नांदत होती. खरं कारण लाज. दोघं कुठं निघाले तर नाना पुढं, नानी मागं, आणि मधून उसाची बैलगाडी वळवून नेता येईल एवढं अंतर. असा माणूस बायकोला पोचवायला चारचौघांत उभा राहतोय होय!

मोटारींचं दुखणं एकच. मध्येच अडकायच्या. घूं घूं करायच्या, तापायच्या, हलायच्या नाहीत. आम्ही हात धरून ओढायला गेलो की नाना खेकसायचे, "जोर लावू नगा राव, आतलं दात तुटत्याल. आदी वझं उतरवा, मग बगा." म्हणजे मोटारीवरचा हात सोडवायचा आणि ती नुसती फिरते का पाहायचं. फिरली तर दोष ओझ्याचा नाहीतर सांध्याचा. नाही फिरली तर मोटारीचा. हे सूत्र नाना माणसांनाही लावायचे. भावाशी झालेलं भांडण सांगायला मी गेलो, तर आधी माझ्या पाठीवरची खताची गोणी उतरवून घेतली. अर्धं भांडण तिथंच विसरलो.

एका दुपारी मनगट अडकलं. त्यानं घूं घूं करत सगळी बॅटरी पिऊन टाकली आणि हात वर तो वरच राहिला. नाना जेवून आडवे झालेले, तेही बटणावर. मग काय, आहुप्याची एसटी थांबली, दुधाचा टेम्पो थांबला, नवरदेवाची जीप थांबली. डोंगरातल्या एका म्हातारबाबानं नवा देव समजून नारळ वाढवला. लाल दिव्याच्या गाडीतले एक साहेब खाली उतरून "तुमची तक्रार काय?" असं खांबाला विचारत होते. हे मी पाहिलं नाही, पण शपथेवर सांगतो.

एसटीचा कंडक्टर परतीच्या फेरीलाही फसला आणि थेट ओट्यावर आला. "चढतंय कोन?"

"कुनी न्हाई," नाना डोळे चोळत म्हणाले. "हात अडाकलाय."

"कुनाचा?"

"खांबाचा."

"पावणं, पुन्हा फुकट थांबावलं तर ह्या वस्तीवर गाडी थांबनार नाय. मासळीवाली असू दे न्हाईतर मंत्री."

दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. नानांचा चेहरा उतरला. मी उपाय सुचवला, "मनगटाची मोटार काढून टाका. हात वर झाला की गाडी थांबतेय. टाटा कशाला पाहिजे?"

"गाडी थांबती बिचारी. तिला निरोप नगं?"

"एसटीला?"

"मग कुनाला?" नाना एवढ्या जोरात म्हणाले, की आतला भांड्यांचा आवाज बंद झाला.

त्यांनी मनगट सोडवलं. मोकळी मोटार लोण्यासारखी फिरली. म्हणजे दोष सांध्यात. चिमट्यानं उकरल्यावर निघाले माशाचे वाळलेले खवले. हातमोज्याच्या तळव्यालाही तेच चिकटलेले.

"हितं खवलं कुटनं आलं गं?"

"वाऱ्यानं आलं आसंल," आतून नानी म्हणाली, आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

नानांनी सांधा पुसला, थेंबभर तेल सोडलं, बॅटरी भरायला लावली.

मी त्या संध्याकाळी वरच्या गावाला बहिणीकडे गेलो, त्यामुळे सकाळी नेमका त्याच गाडीत होतो. वस्ती आली. हात वर झाला. ड्रायव्हरनं कंडक्टरकडे पाहिलं, कंडक्टरनं खांबाखाली. पाटी घेऊन नानी उभी होती. गाडी थांबली.

नानी माझ्या पुढच्या बाकावर बसली. पाटी पायाशी ठेवली, हात पदराला पुसले. गाडी हलली आणि मागं खांबावरचा पंजा हलायला लागला. नानी धरणाकडे बघत होती. म्हणजे तोंड धरणाकडे, हात खिडकीत. तो हात गजाखालून जरासा वर आला, मध्येच अडकला, कुणी बघतंय का याचा अंदाज घेतला, आणि हलला.

मी मान वळवून ओट्याकडे पाहिलं. नाना रस्त्याकडे पाठ करून बसले होते, मान रेडिओत खुपसून. गाडी वळणाला लागली तरी त्यांनी बटण सोडलं नव्हतं.