ताईच्या दवाखान्याची आज्ञाधारक अक्षरं

वेबसाइट बनवावी तर आम्हीच! धाकट्या भावाच्या हातात ही कला असताना ताईने काळजी करावी, हेच मला पटत नव्हतं. इस्पितळातली पक्की नोकरी सोडून तिने स्वतःचा डोळ्यांचा दवाखाना काढला होता. पेशंट आले नाहीत तर परत कोणत्या तोंडाने जायचं, या विचाराने बिचारीची झोप उडाली होती.

माझी युक्ती झकास होती. अक्षरांचा आकार थेट फोन-कॉम्प्युटरच्या पडद्याच्या रुंदीला बांधून टाकला. पडदा रुंद तर अक्षरं मोठी, अरुंद तर लहान. इतकं आज्ञाधारक आमच्या घराण्यात कुणी निपजलं नव्हतं! आकार अमुकच्या खाली जाऊ नये, तमुकच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा घालायची असते म्हणे. पण माझ्या खिडकीएवढ्या मॉनिटरवर अक्षरं अशी ऐटीत उभी होती की मी मर्यादेला फाटा दिला.

पहिल्याच दिवशी ताईचा फोन आला, बसायला खुर्ची उरली नाही म्हणून. मी कॉलर ताठ करून पोचलो.

आत एक आजोबा रडवेले झाले होते. "डॉक्टर, सकाळी पेपर वाचला. मग तुमची वेळ बघायला फोनवर वेबसाइट उघडली आणि नजरच गेली हो!"

ताईने तपासलं. डोळे ठणठणीत. त्यांच्यामागच्या बाईंचेही ठणठणीत, त्यांच्या जावेचेही. सगळे त्याच वेबसाइटला घाबरून धावत आले होते. ताईने एकेकाला खरं सांगून, माफी मागून परत पाठवलं. आजोबा मात्र दारात थांबून म्हणाले, की चष्मा नको असं तोंडावर सांगणारा डॉक्टर त्यांना पहिल्यांदाच भेटला, आता घरचे सगळे इथेच येतील. ताईचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, आणि तेवढ्यात तिने फोन माझ्यापुढे धरला.

"वाच."

"पान अजून उघडायचंय," मी म्हणालो.

"उघडलंय. अक्षरं मुंगीएवढी आहेत. आजोबांना ती निदान दिसत तरी होती."

दंडाला धरून तिने मला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. मर्यादा मी त्याच संध्याकाळी घातली, आता अक्षरं फोनवरही वाचता येतात. पण त्या दिवशी अख्ख्या गर्दीतून चष्मा लागला तो एकट्या मला.