काझीभाईंचा हरणारा संघ

आपला संघ जिंकायला लागला की माणूस खूश होतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे काझीभाई घाबरायचे. कपाळाला घाम फुटायचा, रेडिओचा आवाज बारीक व्हायचा आणि ते अनवाणीच जिन्यात येऊन उभे राहायचे.

आखातातल्या, माहूजच्या त्या बिल्डिंगीत मी पुण्याहून आलेला, बँकेतला अकाउंटंट. ते दापोलीकडचे, अमेरिकन तळावर कोल्ड स्टोअरेजचे मेकॅनिक. बायकामुलं गावी. माणूस मुळातच भित्रा. लिफ्टमध्ये एकटे चढत नसत. कुणी सोबतीला मिळेपर्यंत खाली वॉचमनशी गप्पा मारत थांबायचे. आखाती लढाईच्या वेळी विषारी गॅसच्या भीतीनं खिडक्यांच्या फटींना लावलेली चिकटपट्टी लढाई संपून काही वर्षं झाली तरी तशीच होती. मी विचारलं तर म्हणाले, "काढली आणि परत झाली तर?"

अशा माणसाला वेड लागलं ते बेसबॉलचं. अमेरिकेतला एक जुना, नावाजलेला संघ. पण त्यांनी शेवटचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हा काझीभाईंचे वडीलही जन्मले नव्हते. दरवर्षी आशा लावायची आणि ऐन वेळी माती खायची, हा त्यांचा रिवाज. हे वेड लावलं जोबाबांनी. जोबाबा म्हणजे तळावरचे म्हातारे अमेरिकन फोरमन. पाना कसा धरायचा इथपासून त्यांनी काझीभाईंना शिकवलं. रिटायर होऊन ते मायदेशी गेले, जाताना आपला रेडिओ यांना देऊन गेले.

एका ऑक्टोबरात हा संघ खरोखरच अंतिम फेरीच्या दारात पोचला. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. पहाटेची फजरची नमाज आटोपून काझीभाईंनी आमची बेल वाजवली.

"साठेसाहेब, तुम्ही ऐका. माझ्याच्यानं ऐकवत नाही."

"अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"पुढं कोण, मागं कोण, एवढं कळलं तरी बास."

मी त्यांच्या खोलीत रेडिओला कान लावून बसलो. ते बाहेर जिन्यात.

"पुढं आहेत?"

"आहेत."

थोड्या वेळानं डोकावून पाहिलं तर पायरीवर बसलेले, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मला वाटलं, जिंकण्यासाठी दुवा मागताहेत. शेवटी समालोचकाचा आवाज पडला आणि मलाही कळलं. तोंड पाडून मी बाहेर आलो.

"गेली हो मॅच, काझीभाई."

त्यांनी लांब श्वास सोडला. "अल्हमदुलिल्ला," म्हणाले.

संघ हरला आणि हा माणूस अल्लाचे आभार मानतोय! त्यांनी मला आत नेऊन चहा दिला.

"जोबाबांना कॅन्सर आहे. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच हात टेकले. फोनवर म्हणतात, संघ जिंकल्याशिवाय मी मरत नाही. हट्टावर जगतोय म्हातारा. आता मी काय मागायचं, सांगा." कप खाली ठेवून म्हणाले, "माझे अब्बा गेले तेव्हा लीव्ह मिळेपर्यंत दफनसुद्धा झालं होतं. आता हाच एक राहिलाय."

मग त्यांनी फोन लावला. पलीकडून खोकल्याचा आवाज मलाही ऐकू आला. काझीभाई मोठ्यानं म्हणाले, "नो प्रॉब्लेम, बाबा. नेक्स्ट इयर. इंशाल्ला."

नेक्स्ट इयर जोबाबांना मिळालं नाही. थंडीतच ते गेले.

मला वाटलं, रेडिओ आता बंद. पण पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा बेल वाजली. या वेळी काझीभाई जिन्यात गेले नाहीत. रेडिओ मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक फटक्याला पुढं झुकत होते, "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, चला, पुटपुटत होते. संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि हा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

"म्हाताऱ्याला एकदा जिंकलेलं बघायचं होतं, साठेसाहेब. मी अडवलं."

"काझीभाई, तुमच्या दुव्यानं अमेरिकेतले संघ हरतात होय?"

त्यांनी रेडिओ बंद केला. बाहीनं तोंड पुसलं.

"नसतील हरत," ते म्हणाले. "पण मी मागितलं होतं ना."